घरधन्याचं ताट

१

रोज सकाळी आठ वाजता शलबिया निवडुंगाच्या बांधातली फट ओलांडून पलीकडे जायची. डोक्यावर गवती टोपी, काखेत झाकलेलं लाकडी ताट आणि कमरेला वीतभर लांबीची लाकडी किल्ली. बांधाच्या अलीकडे तिचं राहतं घर होतं, सिमेंटचं, दर उन्हाळ्याला एकेक खोली वाढत गेलेलं. पलीकडे सासऱ्यांचा जुना हूश होता. चौकोनी अंगण, अंगणात पावसाच्या पाण्याचं टाकं, तीन बाजूंना लांबट खोल्या आणि बाहेरच्या भिंतीला एकही खिडकी नाही. जेर्बा बेटावरची जुनी घरं सगळी अशीच, जगाकडे पाठ करून बसलेली. त्यात आता कुणी राहत नव्हतं. राहत नव्हतं म्हणूनच तर ते बघायला लोक येत होते.

दहा वाजता कैसची छोटी बस यायची. कैस हा सहल कंपनीचा वाटाड्या. तिशीचा, गॉगल कपाळावर चढवलेला, पाच भाषांत बोलणारा आणि पाचही भाषांत सारख्याच थापा मारणारा. त्याचा दिवस ठरलेला असे. आधी ग्वल्लाला गावचे कुंभार, मग हा हूश, मग जमिनीखालचा तेलाचा घाणा आणि जेवणानंतर होडीतून रोहित पक्षी. चारच्या बसचा क्रम तेवढा उलटा. पाहुणे अंगणात पुदिन्याचा चहा पीत, टाक्यात डोकावून फोटो काढीत आणि शेवटी पूर्वेच्या खोलीच्या दारात गोळा होत. खरा खेळ तिथे होता.

खेळ म्हणजे ताट. जेर्बाचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या ट्युनिसला नाहीतर फ्रान्सला किराणा दुकानं चालवतात. अकरा महिने तिकडे, एक महिना घरी. शलबियाची सासू मन्सिया हयात होती तेव्हा परगावी असलेल्या आपल्या तिन्ही मुलांची ताटं ती रोज मांडायची आणि मांडताना एकेकाचं नाव घ्यायची. शलबियाने गप्पांच्या भरात हे एकदा कैसला सांगितलं आणि कैसने त्याचा तमाशा करून टाकला. पूर्वेच्या खोलीत चटईवर ताट, शेजारी पाण्याचा मातीचा चंबू, खुंटीवर तपकिरी लोकरी अंगरखा. उंबऱ्याच्या आत पिवळ्या चामड्याच्या सपाता, टोकं खोलीकडे, म्हणजे आल्याआल्या पाय सरकवता यावेत. शलबिया वाकून ताट ठेवायची आणि म्हणायची, "हे घरधन्याचं." कैस लगेच त्याचं भाषांतर करायचा, आवाज जरासा कापरा करून.

नाव घ्यायचा प्रश्नच नव्हता. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. सासूनेही मुलांची नावं घेतली, सासऱ्यांचं कधी नाही. घरधनी म्हटलं की ज्याला कळायचं त्याला कळत होतं. पाहुण्या बायका डोळे टिपायच्या आणि मग कुंभाराकडची दोन भांडी जास्त घ्यायच्या. तीन हंगाम, दिवसातून दोनदा, शलबिया हे बोलत आली होती.

तिच्या घरधन्याचं नाव युनूस. ती घेत नसली तरी आपण घ्यायला हरकत नाही. आणि यंदा तो खरोखरच येणार होता, कायमचा. ट्युनिसचं दुकान पुतण्याच्या हवाली करून ऑक्टोबरातल्या तिसऱ्या गुरुवारी तो यायचा होता. तीस वर्षांच्या संसारात दोघं एकत्र राहिली ती जेमतेम अडीच वर्षं. बाकीची सत्तावीस तिने त्याच्या फोनवर आणि त्याच्या खोकल्यावर काढली होती. आता उरलेलं आयुष्य तरी एका ताटात जेवायचं, एवढंच तिला हवं होतं. ते काही फार मागणं नव्हतं.

२

गुरुवारला सतरा दिवस उरले होते तेव्हाची गोष्ट. दुपारी साडेबाराला ती हूशला कुलूप लावून घरी जायची आणि साडेतीनला परत यायची. त्या सोमवारी परत आली, तर ताटातला कुसकुस, वाफवलेल्या रव्याच्या दाण्यांचा ढीग, मधोमध उकरलेला. कडा शाबूत आणि मध्ये खड्डा, खालचं लाकूड दिसेपर्यंत.

तिने आधी मांजराला शिव्या घातल्या. पण शिव्या घालताना तिला वाटत होतं की मांजर कडेकडेने सांडलवंड करत खातं, वरचे ऑक्टोपसचे वाळवलेले तुकडे पळवतं आणि कुसकुसला तोंडही लावत नाही. इथे तुकडेही गेले होते आणि एक दाणा चटईवर पडला नव्हता. आणि बेटावर ताटाच्या मध्यात कुणी हात घालत नाही. बरकत मध्यात उतरते, आपण आपल्या कडेने खायचं, हे दोन वर्षांच्या लेकराला शिकवतात. ज्याने खाल्लं त्याला हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

मग सपाता दिसल्या. त्या उंबऱ्याशी नव्हत्या. खोली लांबच लांब, आणि दोन्ही टोकांना निजायचे उंच ओटे, पुढे जाड विणलेले पडदे. सपाता उजव्या ओट्यापाशी होत्या, जोडीने, टोकं ओट्याकडून खोलीकडे. कुणीतरी फोटोसाठी हलवल्या असतील, असं म्हणून तिने त्या जागेवर आणून ठेवल्या. चहाचे पेले विसळताना मात्र तिचा हात थांबला. सकाळचे पाहुणे गेल्यावर खोली तिनेच झाडली होती. आणि सपाता तशा कधी राहतात, तर माणूस ओट्यावर बसून पाय वर घेतो तेव्हा.

तिने पडदा बाजूला केला. गादी, उशी, घडी घातलेलं कांबळं. सगळं नीट होतं. गादीवर हात ठेवावा असं मात्र तिला वाटलं नाही.

चारच्या बसला कैसने नेहमीपेक्षा लांबण लावलं. जेर्बाचा माणूस जेवतो कसा, हे त्याने त्या ताटाशी बसून दाखवलं. मध्यात हात नाही, आपल्या कडेने, चमचा संपल्यावर पालथा. पाहुणे हसले. दुसऱ्या दिवशी साडेतीनला शलबियाने दार उघडलं तेव्हा ताटाची एक कड नीट, मर्यादेने खाल्लेली होती. चमचा पालथा होता.

३

किल्ल्या दोनच होत्या असं ती धरून चालली होती. एक तिच्या कमरेला आणि एक ट्युनिसला दुकानाच्या खिळ्यावर. मन्सियाने युनूस परगावी जाताना त्याच्याबरोबर घराची किल्ली दिली होती. त्या किल्लीने तो कधी दार उघडायला आला नव्हता, पण ती जवळ असली की माणूस घराबाहेर राहत नाही, असं मन्सिया म्हणायची.

मग कैसने तिसरी करून घेतली असेल. शलबियाने त्याला तसं तोंडावर विचारलं. तो मनापासून हसला. म्हणाला, मावशी, मला स्वतःच्या घरचं जेवायला फुरसत नाही, तुमचं चोरून कशाला खाऊ. आणि त्याच दुपारी त्याने पाहुण्यांना नवीन मजा सांगितली: घरधनी देवडीत आला की आधी खाकरतो, म्हणजे घरातल्या बायका सावरून बसतात. खाकरूनही दाखवलं.

दुसऱ्या दिवशी ती बाहेरून कुलूप फिरवत असताना आतून खाकरल्याचा आवाज आला. तो आवाज जास्त वेळ चालला. खाकरून झालं, थांबलं, मग जरा वरच्या पट्टीत पुन्हा, मग खालच्या. कुणीतरी खाकरणं म्हणजे काय ते घशात चाचपून बघत असावं तसं. शलबिया किल्ली तशीच धरून उभी राहिली. वर ऊन रणरणत होतं, बांधावर चिमण्या होत्या, रस्त्यावरून कुणाची तरी स्कूटर गेली. अशा लख्ख उजेडात भीती वाटावी याचं तिला स्वतःचंच हसू यायला हवं होतं, पण हसू आलं नाही. टाक्यात आवाज घुमतो, रस्त्यावरचं कुणी खाकरलं असेल, असं ती घरी पोचेपर्यंत स्वतःला सांगत राहिली.

घरी मिलाद काका येऊन बसले होते. युनूसचे चुलते, सत्तरीचे, अजून रोज होडी घालणारे. तिच्यासाठी वाळवलेला ऑक्टोपस आणला होता, आणि बाहेर त्यांच्या गाडीत कुंभाराकडून आणलेली नवी मातीची गाडगी रचलेली होती, ऑक्टोपस धरायची. तिने पाणी देताना उगाच विचारायचं म्हणून विचारलं, त्यात आमिष कसलं घालता.

"आमिष कसलं," काका म्हणाले. "काहीच घालत नाही. गाडगं स्वच्छ पाहिजे आणि रिकामं पाहिजे, बास. रिकामं घर दिसलं की तो आपण होऊन येतो."

"आणि दुसऱ्या कुणाचं घर असलं तर?"

"अगं, त्याला काय नावाची पाटी वाचता येते? दार उघडं, आत कुणी नाही, म्हणजे आपलंच. मग एकदा बसला की जीव गेला तरी सोडत नाही. दाराला आतून दगड ओढून घेतो." त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं. "काय झालं? जेवली नाहीस का?"

तिने जेवल्याचं सांगितलं. ते खोटं होतं.

४

गुरुवारला आठवडा उरला तेव्हा चारच्या बसमधून एक म्हातारी बाई आली. पांढरे केस, हातात काठी, चेहरा मायाळू. सगळे टाक्याकडे गेले तरी ती खोलीतच थांबली आणि कैसकरवी विचारलं, तुमचा माणूस आहे तरी कसा.

तीस वर्षांत शलबियाला हे कुणी विचारलं नव्हतं. गावात सगळ्यांना युनूस माहीत, मग कोण विचारणार. ती बोलत सुटली. डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे, दुकानातल्या पहिल्या वर्षी तेलाने भाजलं होतं. साखर तोलताना गुणगुणतो, कुठलंच गाणं नाही, नुसतंच. चहा कितीही निवलेला असो, तीन फुंकरा मारल्याशिवाय पीत नाही. दमला की डावा पाय किंचित ओढतो. हाक मारली की "आलो गं" म्हणतो आणि मग दहा मिनिटं येत नाही. कैस भाषांतर करताना हसत होता, म्हातारीही हसत होती आणि शलबियाच्या गालावर लग्नातल्यासारखी लाली आली होती.

आणि अजून एक सांगायचं तिच्या अगदी ओठावर आलं. नवी नवरी असताना पुरुष आधी जेवायचे, त्याच ताटावर मग बायका. युनूस दाराकडच्या कडेला, कुसकुसच्या खाली, ऑक्टोपसचा एक मोठा तुकडा दाबून ठेवायचा. आईला दिसू नये म्हणून. शलबिया ती कड आपल्याकडे करून बसायची. त्याच्या सुट्टीचे तीस ऑगस्ट महिने गेले, सासू गेली, आता लपवायला घरात कुणी उरलं नव्हतं, तरी तो अजून तुकडा दाण्यांखाली दाबतोच. हे तिने सासरी गेलेल्या आपल्या मुलीलाही सांगितलं नव्हतं.

सांगायला तोंड उघडलं आणि तिची नजर उजव्या पडद्यावर गेली. जाड पडदा सरळ लोंबायला हवा होता. तो मध्ये, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, फुगला होता. पलीकडून कुणी कान लावून उभं राहावं तेवढाच. कापड मागून दाबलं गेल्याने विणीतले दोरे ताणलेले दिसत होते.

"आणि काय, मावशी?" कैसने विचारलं.

"काही नाही. एवढंच."

पडदा हळूच सपाट झाला.

५

दुसऱ्या दिवशी तिने ताट नेलं नाही. डोकं दुखतंय म्हणाली. कैस नाराज झाला. लोक एवढ्या लांबून तेवढंच बघायला येतात, मावशी, ताट नाही तर हूशमध्ये बघायचं काय, भिंती? तिने त्याला विनवलं की निदान ते वाक्य तरी गाळू. तो म्हणाला, वाक्यच तर विकतंय. तिने मनातलं काही सांगितलं नाही. सांगणार काय? पडदा फुगला? वाऱ्याने फुगतात पडदे. त्या खोलीला वारा यायला जागा नाही, हे कैसला कुठे ठाऊक.

दुपारी कुलूप लावून ती पाच पावलं गेली असेल, तोच आत लाकडावर लाकूड वाजू लागलं. टक, टक, टक. तिथे कालचं रिकामं ताट आणि चमचा होता. कुणी रागाने वाजवत नव्हतं. जेवायला बसलेलं माणूस वाढणारीला आठवण करतं, तसं. मग वाजणं थांबलं आणि गुणगुणणं सुरू झालं. कुठलंच गाणं नाही, नुसतंच.

शलबिया घरी धावली नाही. पळालं तर खरं ठरेल असं तिला वाटलं. ती चालत गेली, ताट वाढलं, चालत परत आली, उंबऱ्याच्या बाहेरूनच ते आत सरकवलं आणि तोंडातून सवयीने निघून गेलं: "हे घरधन्याचं." म्हटल्यावर तिने जीभ चावली. पण शब्द बोलून झाला होता.

रात्री फोनवर तिने युनूसला एवढंच सांगितलं की आल्यावर थेट घरी या, हूशकडे जाऊ नका. का, म्हणून त्याने विचारलं. भिंती ओल्या आहेत, ती म्हणाली. बरं, तो म्हणाला, आणि पलीकडे फूं, फूं, फूं अशा तीन फुंकरा ऐकू आल्या. तिला रडू फुटलं. सहा दिवस राहिले होते. मग ती हे काम सोडणार होती, किल्ली कैसच्या हातावर ठेवणार होती, आणि बांधातली फट काट्यांनी बुजवून घेणार होती.

६

गुरुवारी दुपारी दीडला मिलाद काकांची गाडी दारात आली. शलबियाने मासा रांधला होता, नवी ओढणी घेतली होती. काका दोन बॅगा घेऊन एकटेच उतरले.

"आणि हे कुठायत?"

"येतोय. बांधापाशी उतरला. म्हणाला, आधी आईची खोली बघून येतो. किल्ली खिशातच घेऊन आलाय लेकाचा."

ती अनवाणी धावली. निवडुंगाने ओढणी फाडली ते तिला कळलंही नाही. हूशचं दार उघडं होतं आणि कुलपात ट्युनिसची किल्ली होती. अंगण दुपारच्या उन्हाने पांढरंफटक. पूर्वेच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर त्याचे काळे शहरी बूट होते, नाड्या सोडून नीट ठेवलेले.

"अहो," तिने हाक मारली.

आतून खाकरल्याचा आवाज आला. अगदी जसा यायला हवा तसा, आखूड आणि ओळखीचा.

ती दारापर्यंत गेली. आत अंधुक होतं. सकाळचं ताट रिकामं, चमचा पालथा. खुंटीवर अंगरखा नव्हता. सपाता नव्हत्या. दोन्ही टोकांचे पडदे ओढलेले. "अहो, बाहेर या ना," ती पुन्हा म्हणाली. उत्तर आलं नाही. दोन माणसांनी एकमेकांना आधी बोलू द्यावं, तशी ती शांतता होती.

मग तिने ते केलं जे तीस वर्षांत केलं नव्हतं.

"युनूस."

"आलो गं," उजव्या पडद्याआडून आवाज आला.

आणि अर्ध्या श्वासाच्या अंतराने, डाव्या पडद्याआडून, तोच आवाज. "आलो गं."

उजवा पडदा सरला आणि युनूस खाली उतरला. अंगात तपकिरी अंगरखा, पायात पिवळ्या सपाता. गावी आलो, म्हटलं गावचे कपडे घालू, असं म्हणत हसला. अस्तनी वर गेली तेव्हा मनगटावरचा डाग दिसला. डावा पाय किंचित ओढत तो तिच्याकडे आला. तिचा नवरा होता तो, नखशिखांत.

डावा पडदा हलत होता. कुणाला तरी त्याची कड सापडत नसावी, कापडावर आतून हात फिरत असावेत, असा. शलबियाने तिकडे पाहिलं नाही. ती घाबरली होती, हे सरळ सांगायला हवं. घाबरलेलं माणूस जे आधी हाताला लागेल ते धरतं. तिने युनूसचा हात धरला, त्याला अंगणातून, देवडीतून ओढत बाहेर आणलं आणि दार लावून घेतलं. कुलूप तिनेच फिरवलं. आतून सावकाश पावलं येत होती, ती दारापर्यंत यायच्या आत.

७

ते पहिले आठ दिवस शलबिया सुखात होती. खोटं कशाला बोला. सकाळी उठावं तर शेजारी माणूस, अंगणात खाकरणं, न्हाणीत गुणगुणणं. कायमचा आला म्हणून शेजारपाजार भेटून गेला, मिलाद काका रोज गप्पांना येऊ लागले, कुणाला काही वेगळं दिसलं नाही. तिने दोन्ही किल्ल्या कैसला देऊन टाकल्या. कैसने आपली मावसबहीण मबरूका हिला कामावर ठेवलं.

चहाला तो तीन फुंकरा मारायचा. थंड सरबतालाही तीन मारायचा. गुणगुणायचा, पण साखर तोलताना, इतर कधी नाही. आणि तोलायला काही नसलं की स्वयंपाकघरात येऊन साखरेचा डबा हातात घ्यायचा. ट्युनिसच्या दुकानाबद्दल काका विचारायचे तेव्हा तो म्हणायचा, गेलं ते, सोडा. सत्तावीस वर्षांचा कंटाळा असतो माणसाला, शलबिया मनाशी म्हणायची. उंबऱ्यावर राहिलेल्या बुटांची त्याने कधी चौकशी केली नाही. तिनेही विषय काढला नाही.

दोघं एका ताटात जेवायची. तो आपल्या कडेने, मर्यादेने खायचा आणि चमचा पालथा घालायचा. पहिल्या दिवशी तिने दाराकडची कड आपल्याकडे फिरवली आणि चमच्याने हळूच दाणे बाजूला केले. खाली ताटाचं लाकूड होतं. दुसऱ्या दिवशीही लाकूडच होतं. वय झालं की असल्या गोष्टी सुटतात, ती म्हणाली. दहाव्या दिवसापासून तिने शोधणं बंद केलं, कारण ती शोधत असताना तो जेवायचा थांबून तिचा चमचा कुठे जातो ते बघायचा. काहीतरी शिकवायचं राहून गेलंय, असं बघणं होतं ते.

८

नोव्हेंबर निम्मा सरला. एका दुपारी मबरूका बांधातून आली आणि दारातच घुटमळली. बाई धीट होती, चार पोरांची आई, पण तोंड उतरलं होतं. युनूस आत पडला होता. शलबिया तिला ओसरीच्या कडेला घेऊन गेली.

"मावशी, हसू नका," मबरूका हळू आवाजात म्हणाली. "कुलूप लावून जाते मी, तरी ताटातलं कुणीतरी खातं."

"मांजर असेल."

"मीही तेच म्हटलं. पण मांजर तुकडा लपवून ठेवेल का हो? रोज एक तुकडा राहतो. सगळ्यात मोठा. दाराकडच्या कडेला, दाण्यांखाली दाबलेला. वरून कुणाला दिसू नये असा." तिने मागे बांधाकडे पाहिलं. "आणि ते काळे बूट कुणाचे आहेत? मी उंबऱ्याशी ठेवते, दुपारी बघावं तर डाव्या ओट्यापाशी असतात."

शलबियाने खांब धरला. महिनाभर. कुलूप तिने स्वतःच्या हाताने फिरवलं होतं आणि महिनाभर तो घरधन्याच्या नावाने मांडलेल्या ताटातून, कुणी आपलं नाव घेईल म्हणून वाट बघत, तिचा तुकडा राखून ठेवत होता. घरात, आतल्या खोलीत कुणी खाकरलं. आखूड, ओळखीचं. मबरूकाने ओढणी सावरली आणि युनूसकाकांना सलाम सांगा म्हणून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला शलबियाने गवती टोपी चढवली आणि ताट झाकलं. मबरूकाकडून किल्ली मागून घेतली होती. तो ओसरीवर चहा घेऊन बसला होता, पायात पिवळ्या सपाता.

"कुठे निघालीस?"

"मबरूकाला बरं नाही. पलीकडे ताट मांडून येते."

"कुणाचं?"

तिने ताट दोन्ही हातांनी धरलं. मग मान वर केली आणि त्याच्या डोळ्यांत बघून नाव घेतलं.

"युनूसचं."

तो चकित झाला नाही. मी इथे बसलोय की, असं म्हणाला नाही. पेल्यावर त्याने तीन फुंकरा मारल्या, एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"बरं," तो म्हणाला. "पण त्याला फार वाढत जाऊ नकोस."